माळ्यावरची दहा नंबरची जर्सी

नाशिकचा तोफखाना

दिवाळीची आवराआवर चालली होती. माळ्यावरून एक बॅग खाली काढली तर तिच्यात आर्सेनलची, म्हणजे लंडनच्या आमच्या लाडक्या फुटबॉल क्लबची जर्सी. पाठीवर दहा नंबर आणि वर व्हॅन पर्सी, आमचा डच स्ट्रायकर रॉबिन. पुण्यात शिकत असताना एफसी रोडवर साडेतीनशेला घेतलेली, म्हणजे अर्थातच डुप्लिकेट. नावातलं एक अक्षर गाळलेलं होतं, ते घरी आल्यावर लक्षात आलं. तरी वर्षभर अंगावरून उतरली नाही. आई म्हणायची, पोतेरं करायच्या लायकीची झालीय.

बारा वर्षांचा भाचा आला होता सुट्टीला. त्याने जर्सी उलटीपालटी केली, मोबाइलवर नाव शोधलं, आणि ट्रॉफी उचललेला फोटो माझ्यासमोर धरून विचारलं, "मामा, हा तर युनायटेडचा ना?"

काय सांगणार त्याला? म्हणून इथे संस्थळावर धागा काढून लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट 2011. फॅब्रेगास बार्सिलोनाला गेला, नासरी मँचेस्टर सिटीला गेला आणि ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्या घरी, आम्ही 8-2 ने मार खाल्ला. आठ! आर्सेनलच्या त्या दोनांत एक याचा, आणि त्याच मॅचमध्ये याने पेनल्टीही घालवली. अशा पडक्या वाड्याची किल्ली आमच्या कोच वेंगरने त्याच महिन्यात त्याच्या हातात दिली, कॅप्टन केलं. त्यानंतर जे काही त्याने केलं ते मी पुन्हा कुणाकडून बघितलेलं नाही. लीगच्या 38 पैकी 38 मॅच खेळला, 30 गोल. चेल्सीला त्यांच्या घरी 5-3, त्यात याची हॅटट्रिक. डिसेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध सॉंगने मागून उचलून दिलेला बॉल खांद्यावरून येताना नुसता बघितला आणि डाव्या पायाने हवेतच लावला. मॅच 1-0.

आणि हा तोच माणूस, ज्याच्या दुखापतींत आमची आधीची सात वर्षं गेली होती. नोव्हेंबर 2009 मध्ये देशाकडून मैत्रीपूर्ण सामना खेळताना घोटा गेला, तेव्हा गडी बेलग्रेडला एका बाईकडे वारेच्या द्रवाने मालिश करून घ्यायला गेला. आपल्याकडे हाडवैद्याकडे जातात ना, तसंच. आम्ही हॉस्टेलवर हसलो, पण मनातून म्हणत होतो, होऊ दे बाबा बरा, कशानेही होऊ दे.

मग 4 जुलै 2012. स्वतःच्या वेबसाइटवर निवेदन: करार वाढवणार नाही, क्लब ज्या दिशेने चाललाय ते पटत नाही. ऑगस्टमध्ये 2 कोटी 40 लाख पौंडांना गेला. स्पेनला नाही, इटलीला नाही, मँचेस्टर युनायटेडला. वर म्हणाला, माझ्या आतला लहान मुलगा युनायटेडसाठी ओरडत होता. आठ वर्षं तो लहान मुलगा काय झोपला होता?

शिव्या घातल्या, घालून झाल्या. पण तेव्हा कुणाला बोललो नाही ते आज लिहितो. तो गेला याचं दुःख सहा महिन्यांत ओसरलं असतं. तो बरोबर निघाला, हे पचत नाही. पहिल्याच वर्षी 26 गोल. 22 एप्रिल 2013, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले. ॲस्टन व्हिलाविरुद्ध पहिल्या 33 मिनिटांत हॅटट्रिक, रूनीच्या लांब पासवर तीच व्हॉली, तोच डावा पाय, आणि युनायटेडची विसावी लीग. जर्सीचा नंबरही 20. जो म्हणाला होता की इथे राहून मला काही मिळणार नाही, त्याला तिथे जाऊन नऊ महिन्यांत मिळालं. आम्ही कुठे होतो? चौथे.

भाच्याला ती जर्सी खेळायला घालून जायचीय. द्यावी का?

वाचनमात्र

वाचतोय. छान लिहिलंय.

लालभडक

युनायटेडचं नाव निघालं की मला उचकी लागते, त्यामुळे आलो.

तोफखाना, लेखन आवडलं, पण एक हिशोब राहिला. 2004 साली तुम्ही त्याला रॉटरडॅमच्या फायेनूर्द क्लबकडून साडेसत्तावीस लाख पौंडांना उचललंत. तेव्हा रॉटरडॅममध्ये कुणाच्या मामाची जर्सी माळ्यावर गेली असेल, याची चौकशी केली होती? आणि सोल कॅम्पबेल? तुमच्या शेजारच्या कट्टर वैरी टॉटनहॅमचा कॅप्टन, 2001 मध्ये करार संपवून फुकटात तुमच्याकडे. 2004 ची लीग तुम्ही जिंकलीत कुठे, तर टॉटनहॅमच्याच मैदानावर, आणि बचावाला तोच कॅम्पबेल. त्या लोकांनी काय करायचं होतं, फुगडी घालायची?

आपला गेला की गद्दार, त्यांचा आला की दूरदृष्टी.

नाशिकचा तोफखाना

कॅम्पबेलचा मुद्दा मान्य. पूर्ण मान्य. पण मान्य करून पोटातलं दुखणं कमी होत नाही, त्याचं काय करू?

घरची रेफरी

मला फुटबॉल कळत नाही. नवरा रात्री दीडला ओरडतो म्हणून नियम शिकले. एक भाबडा प्रश्न. तुम्ही सगळे आयटीतले लोक दर दोन वर्षांनी समोरच्या कंपनीत उडी मारता. तिथे केक कापतात, फोटो टाकतात, आम्ही अभिनंदन म्हणतो. ते करिअर. आणि त्या पोराने एकोणतिसाव्या वर्षी, पाय शाबूत असेपर्यंत, जास्त पगार आणि जिंकायची संधी घेतली, तर तो गद्दार?

बाकावरचा बारावा

@घरची रेफरी, +1. धागा संपला, कुलूप लावा.

नाशिकचा तोफखाना

@घरची रेफरी, मी कंपनी बदलली तेव्हा मॅनेजर सोडून कुणाला पत्ता नव्हता. साठ हजार माणसं माझ्या नावाचं गाणं म्हणत नव्हती. कुणाच्या पोराने माझं नाव पाठीवर छापून शाळेच्या गॅदरिंगला घातलं नव्हतं. त्याचा क्लबशी करार होता तो त्याने पाळला, त्यात खोट नाही. आमच्याशी त्याचा करार नव्हताच. आम्हीच एकतर्फी सही करून बसलो होतो.

कच्ची वही

भावनेच्या भरात कुणी आकडे बघत नाही, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. 2012 च्या उन्हाळ्यात त्याच्या करारात एकच वर्ष उरलं होतं. 1995 च्या बॉस्मन निकालापासून करार संपलेला खेळाडू एक पैसा न देता दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणजे क्लबपुढे पर्याय दोनच होते. आज 2 कोटी 40 लाख घ्या, नाहीतर वर्षभर नाराज कॅप्टन सांभाळून पुढच्या उन्हाळ्यात शून्य. तेही 29 वर्षांच्या, घोट्याचा इतिहास असलेल्या माणसासाठी. 2006 मध्ये उघडलेल्या नव्या स्टेडियमचं कर्ज डोक्यावर होतं, ते वेगळंच.

त्यामुळे शिवी घालायचीच असेल तर आणखी दोन वर्षं आधी करार वाढवायला ज्यांनी हलगर्जी केली त्यांना घाला. पण ऑफिसातल्या माणसाचं नाव पाठीवर छापत नाहीत, म्हणून शिवी खेळाडूच्या वाट्याला येते.

लालभडक

तुम्ही पैसे घेतलेत, आम्ही कप घेतला. व्यवहार चोख.

तांबडा पांढरा

लंडन-मँचेस्टर राहू द्या जरा बाजूला. आमच्या कोल्हापूरचं सांगतो.

इथं फुटबॉल म्हणजे तालीम आणि पेठ. पाटाकडील विरुद्ध शिवाजी मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसती. घरात जन्माला आलं की पोरगं कुठल्या तालमीचं हे ठरलेलंच. त्याला विचारतंय कोण?

तर आमच्या गल्लीत एक फॉरवर्ड होता. नाव सांगत नाही, तालीमही नाही सांगत, उगाच इथं राडा नको. पोरगं आमच्या डोळ्यांसमोर अनवाणी खेळून मोठं झालं. बूट घ्यायला वर्गणी काढली होती आम्ही. एका वर्षी सीझनच्या तोंडावर समजलं, गडी समोरच्या तालमीत. त्यांनी बरे पैसे दिले, कुणी म्हणतं नोकरीचंही बघतो म्हणाले. घरची परिस्थिती आम्हाला माहीत होती, त्यामुळं तोंडावर कोण काही बोललं नाही. पाठीमागं मात्र लई बोललो.

आता तुमच्या रॉबिनचं बरं आहे. गेला तो तीनशे किलोमीटर लांब गेला. आमचा कुठंच गेला नाही ओ! त्याच गल्लीत, त्याच घरात. सकाळी दुधाच्या रांगेत माझ्या पुढं उभा. मॅचच्या दिवशी तेवढा किट बॅग घेऊन मागच्या बोळातनं निघायचा, कारण पुढच्या दारात आमचा झेंडा लावलेला.

आणि त्यानं आमच्यावर गोल घातला. घातलाच. उड्या मारल्या नाहीत, मान खाली घालून सेंटरला परत गेला. स्टेडियममधनं आम्ही काय काय ओरडलो ते इथं लिहिता येणार नाही. रात्री घरी आलो तर हे पोरगं आमच्या सोप्यात बसून जेवतंय. आजीनं बोलवलं होतं. शनिवारी त्याची आई गावाला जायची, तेव्हा तो आमच्यातच जेवायचा, लहानपणापासनं. आजीला तालीम बदललेली ठाऊक होती, पण तिच्या लेखी शनिवार बदलला नव्हता.

मी पण ताट घेतलं. शेजारीच बसलो. कोण काही बोललं नाही. मग त्यानंच विचारलं, "ऑफसाइड वाटला काय रे तुला?" मी म्हटलं, "नव्हता."

घरची रेफरी

@तांबडा पांढरा, मला फुटबॉल कळायला लागलं बहुतेक.

फातोर्ड्याची पायरी

कोल्हापूरकरांनी जेवायला बसवलं, आता आमचं गोव्याचं ऐका. आमचं नेमकं उलटं झालं.

2020 मध्ये आमचा आधीचा कोच लोबेरा मुंबई सिटीला गेला आणि पाठोपाठ फॉल, जाहू, बूमूस, मंदार सगळे तिकडे. बाकीच्यांचं सोडा, ते परदेशी, आज इथे उद्या तिथे. मंदार राव देसाई आपला गोंयकार, 2014 पासून एफसी गोवाकडे. तो निळ्या जर्सीत दिसला तेव्हा पोटात तुटलं. आणि त्याच मोसमात मुंबईने आम्हालाच उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर 6-5 ने बाहेर काढलं. पुढे कपही नेला.

पण धागा स्ट्रायकरचा आहे ना? मग इगोर अंगुलो. त्याच 2020-21 मध्ये आमच्याकडून 14 गोल, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. पुढच्या वर्षी हाही मुंबईला! 22 नोव्हेंबर 2021, पहिलीच मॅच आमच्याशी, फातोर्ड्यावर. मुंबई 3, गोवा 0. अंगुलोचे दोन, तीन-चार मिनिटांच्या अंतराने.

चिडायला हवं होतं की नाही? मी घरी टीव्हीसमोर बसून वाट बघत होतो राग येण्याची. आलाच नाही. नंतर कळलं का. करोनाची वर्षं ती. दोन्ही मोसम गोव्यातच, पण मैदानं रिकामी. आमच्या जर्सीतला अंगुलो आम्ही एकदाही पायरीवर बसून बघितला नाही. घरापासून वीस मिनिटांवर तो 14 गोल मारून गेला आणि आम्ही पडद्यावर बघितलं, जसं बेळगाव-बडोद्याच्या माणसाने बघितलं. त्याच्या नावाने घसा बसला नव्हता, पावसात भिजलो नव्हतो. शिव्या घालायलासुद्धा आधी काहीतरी खर्च झालेलं लागतं.

मंदारचं मात्र अजून आठवतं.

रॉटरडॅमकर

लालभडक यांनी विचारलं ना, रॉटरडॅमला कुणाची जर्सी माळ्यावर गेली? दहा वर्षं इथे राहतोय, ऑफिसातल्या फायेनूर्दवाल्यांकडून ऐकलेलं सांगतो. इथे त्याच्यावर राग नाही. गावचं पोरगं, लवकर गेलं, आणि शेवटी परत आलं. 2018 मध्ये आला, त्याच वर्षी कप जिंकून दिला, 2019 मध्ये इथेच बूट ठेवले. 2025 मध्ये तर कोच म्हणून बसला. परत आलेल्या मुलाला कुणी जाब विचारत नाही.

गंमत म्हणून सांगतो, इथे कमजोर पायाला 'चॉकलेटचा पाय' म्हणतात. त्याचा उजवा पाय चॉकलेटचा म्हणून प्रसिद्ध. सगळं काही डाव्यावर.

अवांतर: तोफखाना, 2009 ची सिटीची मॅच विसरलात? तुमचाच अदेबायोर सिटीला गेला, पहिल्याच भेटीत तुमच्यावर गोल मारून अख्खं मैदान पळत तुमच्या प्रेक्षकांसमोर जाऊन गुडघ्यांवर घसरला. त्याच मॅचमध्ये त्याचा बूट कुणाच्या तोंडावर बसला होता? व्हॅन पर्सीच्या. तेव्हा तो तुमचा निष्ठावंत होता.

नाशिकचा तोफखाना

विसरेन कसा? गालावरचे बुटाचे ओरखडे बघून आम्ही रक्त उसळून घेतलं होतं. "बघ, गद्दार असे असतात आणि आपला माणूस असा असतो." हे वाक्य मी स्वतः हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये म्हटलेलं आहे. साक्षीदार या संस्थळावर आहेत, गप्प बसले आहेत म्हणून आभारी.

लंडनची पाहुणी

मी तेव्हा तिकडे शिकत होते. 28 एप्रिल 2013 च्या मॅचला एका मैत्रिणीच्या मेंबरशिपवर एमिरेट्सला, आर्सेनलच्या स्टेडियमवर, गेले होते. युनायटेडने आठवडाभर आधी लीग जिंकलेली, त्यामुळे रिवाजाप्रमाणे आमच्या खेळाडूंनी दोन रांगा करून त्यांना टाळ्या वाजवत आत घ्यायचं होतं. म्हणजे ज्याने आपल्याला सोडलं त्याच्यासाठी आपल्याच पोरांनी टाळ्या वाजवायच्या. वरातीत जुन्या प्रियकराला अक्षता वाटायला लावल्यासारखं.

तो आला आणि स्टेडियमभर हुर्यो उठली. माझ्या घशातूनही निघाली, खोटं कशाला बोलू? शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते ना टाळी वाजवत होते ना ओरडत होते. हाताची घडी घालून फक्त त्याच्या पायांकडे बघत होते. दुसऱ्याच मिनिटाला वॉलकॉटने गोल केला, आम्ही नाचलो. मग आमच्याच सान्याने चुकीचा पास दिला, ती चूक सावरायला त्यालाच पाडलं, आणि पेनल्टी. घेणार कोण? तोच. 1-1. त्याने हात वर केले नाहीत. त्याने जल्लोष केला असता तर बरं झालं असतं, निदान रागाला जागा मिळाली असती.

बाकावरचा बारावा

आणि त्या आधीच्या नोव्हेंबरात, ओल्ड ट्रॅफर्डवर? तिसऱ्या मिनिटाला आमच्या व्हर्मालेनची चूक आणि याचा गोल. तेही ठीक. हाफटाइमला आत जाताना आंद्रे सांतोसने चक्क त्याच्याकडे जर्सी मागून घेतली! आमचा माणूस! मॅच अर्धी बाकी! मला व्हॅन पर्सीचा तेवढा राग कधी आला नाही जेवढा त्या दिवशी सांतोसचा आला.

लालभडक

सांतोसचं सोडा, त्यालाही माळ्यावर ठेवायला एक हवी असेल.

आता थट्टा बाजूला ठेवून लिहितो. तो आमचा कधी झालाच नाही. तुमच्या घरचं सोनं आम्ही एका लग्नात मिरवून घेतलं, एवढंच. पहिल्या वर्षी 26, मग 12, मग 10, आणि 2015 मध्ये तुर्कस्तानच्या फेनरबाचेला. मे 2013 मध्ये आमचे कोच फर्ग्युसन निवृत्त झाले आणि ती विसावी लीग आमची शेवटची ठरली, अजूनपर्यंत. माझ्या मुलीने युनायटेडला लीग जिंकताना बघितलेलंच नाही. तिला तो फोटो दाखवला की ती विचारते, हा आपला होता का? मीही अडखळतो. आमचा म्हटलं तर तुमच्या आठ वर्षांचं काय, आणि तुमचा म्हटलं तर त्या कपाचं काय?

जळण्याबद्दल म्हणाल तर आम्हीही जळलोय. 2009 मध्ये तेवेझ आमच्याकडून सिटीला गेला आणि त्यांनी शहरात त्याचं भलंमोठं निळं पोस्टर लावलं, 'मँचेस्टरमध्ये स्वागत' म्हणून. जणू आमच्याकडे होता तेव्हा तो दुसऱ्या गावात राहत होता.

कच्ची वही

ताजं उदाहरणही आहे. मार्च 2025 मध्ये न्यूकॅसलने सत्तर वर्षांनी देशातला मोठा कप जिंकला, लिव्हरपूलला हरवून, त्यांच्या इसाकचा गोल. 1 सप्टेंबरला तोच इसाक साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलला. सहा महिनेही नाहीत. त्या पोरांच्या पाठीवरचं नाव अजून धुऊन फिकंही झालं नसेल.

वाचनमात्र

अवांतर: वर ते वारेचा द्रव म्हणजे नक्की काय?

घरची रेफरी

@वाचनमात्र, जेवण झालंय का? झालं असेल तर विचारू नका.

नाशिकचा तोफखाना

सगळ्यांचे आभार. लालभडक, तुमचेही, नाइलाजाने.

एक कबुली राहिली होती. जून 2014, वर्ल्ड कप, नेदरलँड्स विरुद्ध स्पेन. रात्री साडेबाराची मॅच. डाव्या बाजूने लांब बॉल आला आणि हा माणूस पेनल्टी बॉक्सच्या टोकावरून माशासारखा हवेत गेला, डोक्याने बॉल स्पेनचा गोलकीपर कासियासच्या वरून. मी सोफ्यावरून उडी मारली आणि "आपला!" असं ओरडलो. बायको झोपेतून उठून आली. तेव्हा तो युनायटेडचा होता, सोडून दोन वर्षं झाली होती. तिने विचारलं, "आपला कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही, झोप."

महिनाभर आधीच आम्ही हलविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून 3-2 ने एफए कप जिंकला होता, नऊ वर्षांनी. मला वाटलं होतं त्या दिवशी हिशोब मिटला.

असो. जर्सी दिली भाच्याला. अंगात गुडघ्यापर्यंत येते. काल संध्याकाळी सोसायटीच्या मागे पोरं खेळत होती, मी गॅलरीत चहा घेऊन उभा. कुणीतरी याला मस्त उचलून पास दिला, बॉल खांद्यावरून आला, अगदी तसाच, आणि पोराने लावला उजव्या पायाने. पाण्याच्या टाकीवर.

"अरे डाव्याने!" मी वरून ओरडलो. "उजवा चॉकलेटचा आहे!"

आख्खी सोसायटी वर बघायला लागली.